सत्काराचा नारळ

नारळ हातात पडला तेव्हा जगदेवला आधी वाटलं, हा धरायला दिलाय. शेठजींचा माणूस आतून काही जड आणणार असेल, त्याला हात मोकळे हवे असतील, म्हणून घटकाभर धर बाबा, असलं काहीतरी. तोवर खांद्यावर लाल काठाचा पंचा पडला, कपाळाला ओल्या कुंकवाचं बोट टेकलं आणि नारळावर सव्वा रुपया आला. गादीवर लोडाला टेकून बसलेल्या दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. "वा बेटा, वा!" इंद्रभान शेठ म्हणाले. "खेड्यातला पोट्टा नागपूरले जाऊन सायन्स शिकून राह्यला, आमाले अभिमान हाये. असाच मोठा हो. पुढच्या साली पास झाला का अजून येजो." आणि ते उठून आत जेवायला गेले. म्हणजे झालं! ज्यासाठी जगदेव घोकंपट्टी करून आला होता, उन्हाळ्यातलं काम म्हणजे काय, ते उन्हाळ्यातच का, त्याला पैसे कशाला, हे सगळं ज्या माणसाने डोळे मिटून शांतपणे ऐकून घेतलं होतं, त्या माणसाने त्याचा सत्कार करून टाकला होता. ज्याचा सत्कार झाला त्याला पुन्हा मागता कसं येणार? शेठजींना हे ठाऊक होतं, का ते खरंच खूश झाले होते, देव जाणे. जगदेवला वाटलं, खूशच झाले असतील, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

बाहेर चैत्राचं ऊन रस्त्यावर नुसतं पसरलं होतं. वाशीमचा बाजार दुपारचा पेंगत होता, दुकानांवर तट्टे सोडलेले, कापसाच्या रिकाम्या गाड्या जिनिंगच्या भिंतीला लागून उभ्या, आणि मधोमध हा, कपाळाला कुंकू, खांद्यावर पंचा, हातात शेंडीचा नारळ. पिशवीत नारळ घालून पाहिला तर पिशवीचं तोंड मिटेना. पंचा काढून घडी करावी तर कुंकू राहतं. कुंकू पुसावं म्हटलं तर घामाने ते आधीच नाकापर्यंत आलं होतं आणि पुसलं की सगळं कपाळच लाल झालं. एका म्हाताऱ्याने सायकल थांबवून त्याला नमस्कार केला. कुणाला वाटलं असेल नवरदेव, कुणाला वाटलं असेल देवाचा भगत. बालाजीच्या देवळावरून मोटारस्टँडकडे जाताना त्याच्या मनात आलं, की हा नारळ कुठल्या तरी पायरीवर ठेवून चालतं व्हावं. पण दिलेला नारळ असा टाकता येत नाही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, सायन्स कॉलेजात तर नाहीच नाही, पण हातालाच ते माहीत होतं. हात नारळ सोडेना.

कॉलेजातले ओगले सर काय म्हणाले असते? हसले असते. ओगले सर हसले की त्यांच्या चष्म्याची एक काडी वर व्हायची. दिवाळीनंतर जगदेवने गावाहून बारवेच्या पाण्याची बाटली नेली होती, उगीच, सर म्हणाले होते आपापल्या गावचं पाणी आणा म्हणून. बाकीच्या पोरांनी नळाचंच पाणी भरून आणलं, हा शहाणा खरंच घेऊन गेला. प्रयोगशाळेत फॉर्मलिनचा तो डोळ्यात जाणारा वास, खिडकीला निळा कागद, आणि सरांनी मायक्रोस्कोपखाली ठेवलेला एक थेंब. जगदेवने डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग त्या उजेडातून काहीतरी टणकन उडी मारून गेलं, एका डोळ्याचं, शेपटी दुभंगलेलं, मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. सायक्लॉप्स, सर मागून म्हणाले. त्यात काय विशेष, तो तर सगळ्याच तळ्याविहिरींत असतो. पण मग एक जण थेंबाच्या कडेला अडकून स्थिर झाला आणि त्याच्या काचेसारख्या पोटात जगदेवला एक बारीक वेटोळं दिसलं. ते हलत होतं. उलगडत होतं आणि पुन्हा मिटत होतं. "सर, याच्या पोटात कायतरी हाये," तो म्हणाला. सरांनी त्याला बाजूला सारून पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसत विचारलं, "तुमच्या गावात नारू आहे?"

तुमच्या गावात नारू आहे! जगदेवला तेव्हाही हसू आलं नव्हतं आणि आता वाशीमच्या उन्हातही आलं नाही. त्याच्या गावात नारू असतो का, हे विचारणं म्हणजे गावात धूळ असते का विचारणं. उन्हाळा आला की घराघरात एक तरी माणूस पाय लांब करून बसलेला. पायाला फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढरा दोरा डोकं काढतो. मग तो दोरा काडीला गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, ओढायचा नाही, घाई करायची नाही. त्याच्या बापाच्या पोटरीला असाच निघाला होता. तुरीची काडी त्याने पायाला चिंधीने बांधून ठेवली होती आणि रोज सकाळी ओट्यावर बसून तो ती अर्धा वेढा फिरवायचा. पण पेरणी तोंडावर आली. बैल बुजला, बापाने कासरा ओढला, आणि पोटरीतला दोरा आतच तुटला. पाय मडक्याएवढा सुजला, मग काळा पडला. बाप गेला तेव्हा जगदेव मराठी चौथीत होता. गावाने सांगितलं, आसराई कोपली. बारवेतल्या सात आसरा, शेंदूर लावलेले सात गोटे, त्यांचा कोप. आणि इथे नागपुरात, निळ्या कागदाच्या खिडकीपाशी, तो कोप एका किड्याच्या पोटात वेटोळं करून बसला होता. जगदेवला भीती वाटली नाही, राग आला. इतका लहान? एवढ्याशाने माझा बाप नेला?

"हे एकदा दिसलं म्हणजे काहीच नाही," सर म्हणाले होते. "शास्त्रात एकदा दिसलेलं धरत नाहीत. नारू पाण्यातून येतो हे पुस्तकात आहेच, पण तुमच्या बारवेबद्दल पुस्तकात एक ओळ नाही. पाणी खाली जातं तसे हे दाट होतात का, कुठल्या पायरीपाशी जास्त सापडतात, आजूबाजूच्या विहिरींत आहेत की नाहीत, हे सबंध उन्हाळा पाहिलं पाहिजे. तेव्हा कुठे लोकल बोर्डाचा माणूस ऐकेल आणि पायऱ्या बुजवून वर रहाट बसवेल. पावसाळ्यात पाणी चढलं की संपलं." मग ते थांबले. उन्हाळ्यात कॉलेजला कुलूप. वसतिगृहाला कुलूप, खाणावळ बंद. शिष्यवृत्ती परीक्षेच्या दिवशी संपते, तिला वाटतं की पोरगाही त्या दिवशी संपतो. "माझ्याकडे प्रयोगशाळेची किल्ली आहे, जगदेव, पैसे नाहीत. तुमचं राहणं-जेवण, पाणी आणण्याचं जाणं-येणं, काचेचं सामान. एखादा दानशूर बघा तुमच्याकडचा." दानशूर हा शब्द जगदेवने तोवर धर्मशाळेच्या पाटीवरच वाचला होता. पण त्या दिवशी त्याला तो अगदी सोपा वाटला. इतकं मोठं काम, आणि इतके थोडे पैसे! कोण नाही म्हणेल?

नाही कुणीच म्हटलं नाही, हीच तर गंमत. शिक्षण खात्याच्या साहेबाने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, परीक्षा कोणती? परीक्षा नाही साहेब, काम आहे. मग पास झालास की नापास, हे कळणार कसं? तोही भला माणूस होता, दारापर्यंत पोचवायला आला. मंगरूळपीरच्या बोर्डिंगचे चिटणीस तर त्याच्या बापाला ओळखणारे निघाले. ते म्हणाले, उन्हाळ्यातही आम्ही पोरं ठेवतो रे, जेवू घालतो, पण ज्याले घर नाही अशी. तुले घर हाये, माय हाये. हे त्यांनी इतक्या आनंदाने सांगितलं की जगदेवला आपल्याला आई असल्याची क्षणभर लाज वाटली, आणि मग त्या लाजेचीच लाज वाटली. आणि मामा! मामा जऊळक्याला नव्या रेल्वेच्या मातीकामावर मुकादम होता. सुट्टीभर हजेरी लिही, सावलीत बसून रोजाचे पैसे घे, म्हणाला. जगदेवने समजावून सांगितलं तर मामाचा चेहराच बदलला. "म्हंजे तू काम करनार, अन् वरून पैसेबी तूच मागनार? काम करायसाठी पैसे मागतेत काय रे कोनी? काम केल्यावर मागतेत!" मामाला राग आला होता की कीव, कळलं नाही. रात्री मामीने वाढताना भाकरीवर तूप जास्त घातलं, आजारी माणसाला घालतात तसं.

मोटार हलली तेव्हा त्याच्या शेजारी सोमला येऊन बसला. सोमला गावाजवळच्या तांड्यावरचा, जगदेवपेक्षा दोनचार वर्षांनी मोठा, लहानपणी दोघं एकाच नाल्यावर म्हशी धुवायचे. आता तो जऊळक्याच्या त्याच मातीकामावर टोपल्या वाहत होता. एका पायाने लंगडत होता आणि घोट्यावर एरंडाचं पान बांधलेलं होतं. जगदेवने पान पाहिलं आणि आत काय आहे ते न पाहताच त्याला दिसलं.

"लगन हाये काय, दादा?" सोमलाने नारळाकडे पाहून विचारलं.

"नाही बापा. सत्कार झाला."

"म्हंजे?"

"म्हंजे मी मोठा झालो म्हून नारय देला."

"झाला काय मंग मोठा?" सोमला खदाखदा हसला. जगदेवही हसला. दिवसभरात तेवढंच एक हसणं. मग सोमलाने पाय उचलून पुढच्या बाकाच्या दांडीवर टेकवला आणि दात आवळले. "मुकादमानं सुट्टी देली. म्हने, नारू निंगला तं घरी जा. जयते बे नुसता, इस्तो ठेवल्यावानी. आता उतरलो का पयले बारवेत पाय सोडून बसतो. तेवढंच बरं वाट्टे."

जगदेवने त्या पायाकडे पाहिलं. हेच. अगदी हेच सरांनी सांगितलं होतं. आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात सोडतो, आणि पाय पाण्यात गेला की नारू आपली पिल्लं सोडतो, हजारांनी. ती सायक्लॉप्स खातो, सायक्लॉप्स माणूस पितो. किती साधं, किती पक्कं. त्या किड्याला माणसाची तगमग बरोबर ठाऊक आहे. "सोमला," तो म्हणाला, "बारवेत पाय नको टाकजो."

"काहून?"

त्याने सांगितलं. मोटारीच्या खडखडाटात ओरडून सांगितलं, किडा, पोट, पिल्लं, पाणी, पुढच्या साली दुसऱ्याच्या पायात. पुढच्या बाकावरची बाई वळून पाहायला लागली. सोमलाने मान हलवली, पोथी सांगणाऱ्यापुढे हलवतात तशी. मग खिडकीबाहेर उन्हात जळलेल्या वावरांकडे पाहत म्हणाला, "मंग कुठी टाकू?" तांड्यावर पाणीच नव्हतं. तांडा प्यायलाही बारवेवरच येत होता.

केनवडच्या पुढे फाट्यावर दोघं उतरले. सोमला लंगडत पुढे निघाला. जगदेवने मुद्दाम पाय ओढले, कारण गावात शिरताना पहिलं घर नानाजींचं होतं आणि नानाजी हीच आता शेवटची जागा होती. नानाजींना त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्यांच्याजवळ जमीन होती, मन होतं, आणि जगदेववर त्यांचा जीव होता, मॅट्रिकची फी त्यांनीच भरली होती. मग आधी त्यांच्याकडेच का गेला नाहीस, असं ओगले सरांनी विचारलं असतं तर? कारण ती बारव त्यांची होती. म्हणजे गावाचीच, पण बांधली नानाजींच्या आईने, मनकर्णाबाईने. संवत छपन्नाच्या दुष्काळात अंगावरचं सगळं सोनं मोडून तिने ती खोदली. रहाट नको म्हणाली, पायऱ्या करा म्हणाली. ज्याच्याजवळ दोर नाही, बादली नाही, त्यालाही हाताने पाणी घेता आलं पाहिजे. म्हातारंकोतारं, परगावचं, तांड्यावरचं, कुणीही पायऱ्या उतरावं आणि ओंजळ भरून प्यावं. आजही गावातल्या बाया बारवेत उतरताना पहिल्या पायरीला हात लावून तो हात कपाळाला लावतात. आणि जगदेवला नागपुरात शिकून कळलं होतं ते एवढंच, की सगळा घात त्या पायऱ्यांनी केला. वरून दोराने पाणी ओढलं असतं तर पाय पाण्यात गेलाच नसता. मनकर्णाबाईच्या दयेतूनच नारू वर येत होता. हे कुणाला सांगायचं? आणि कोणत्या तोंडाने?

"ये, जगदेवा!" नानाजी ओट्यावरच्या बाजेवर बसून सुपारी कातरत होते. "कपायाले कुंकू? कोनाच्या घरचं?" इंद्रभान शेठचं नाव ऐकून ते मनापासून सुखावले. बसवून घेतलं, गुळाचा खडा दिला आणि मग म्हणाले, बोल, काय काम काढलं? जगदेवने आज दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, पण शेठजींना सांगितलं तसं पाठ करून नाही, तुटक तुटक, अडखळत. सबंध उन्हाळा पाणी पाहायचं. सर आहेत. किल्ली आहे. पैसे नाहीत. नानाजींनी अडकित्ता खाली ठेवला. "एवढंच?" ते म्हणाले. "अरे, मंग पयले काहून नाही आला? लोकाच्या दारी कायले गेला? नागपूरचा सारा खर्च माह्याकडं. काय लागन ते सांगजो." एवढंच! जगदेवच्या छातीतून इतक्या दिवसांचा दगड सरकला. त्याला एकदम खूप भूक लागली. नानाजींच्या पायावर डोकं ठेवावं असं वाटलं, आणि तो उठलाही.

"अन् पानी कोन्या विहिरीचं पाहान?"

त्याने थांबायला हवं होतं. चार विहिरींची नावं घ्यायला हवी होती. "आपल्याच बारवेचं, नानाजी," तो म्हणाला.

नानाजींचा चेहरा असा उजळला की पाहवेना. "माह्या मायच्या बारवेचं पानी? नागपूरले? कॉलेजात?" त्यांनी आत हाक दिली, चांदीचा तांब्या घासून ठेवायला सांगितला, पाणी त्यातूनच न्यायचं. ते बाजेवरून उतरून ओट्यावर फेऱ्या मारू लागले. तपासून आलं की दगड बसवायचा, पहिल्या पायरीच्या वर, संगमरवरी. या बारवेचे पाणी नागपूर येथे शास्त्रीय रीतीने तपासून शुद्ध ठरले. खाली मनकर्णाबाईचं नाव. त्याच्या खाली तुझंबी नाव टाकू जगदेवा, तपासनार म्हून! त्यांना वाटलं, दूरच्या देवस्थानाहून मान आला. त्यांच्या दृष्टीने पाणी तपासणं म्हणजे पाण्याचा सत्कारच होता. आणि जगदेवला कळत होतं, अगदी स्पष्ट कळत होतं, की आता फक्त मान हलवायची आहे. पैसे घ्यायचे, उन्हाळा घ्यायचा, पुढचं पुढे. दगडाचं कुणी बघितलंय! खोटंही बोलायचं नाहीये, नुसतं गप्प बसायचंय, आणि गप्प बसणं त्याला चांगलं जमत होतं. पण त्याच्या नजरेपुढून एरंडाचं पान हलेना. शुद्ध या शब्दाशी ते पान येऊन अडकत होतं.

"शुद्ध नाई निंगनार, नानाजी," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "नारू त्याच पान्यातून येते."

नानाजी फेरी मारता मारता थांबले. मग बाजेवर बसले, हळूच, गुडघ्यांवर हात टेकून. "पाह्यलं तू?"

"पाह्यलं."

"किती डाव?"

"एक डाव. म्हूनच तं उन्हाळाभर पाहा लागते, नानाजी. एक डाव पाह्यलेलं धरत नाईत. खरं का खोटं ते—"

"धरत नाईत," नानाजी म्हणाले. "अन् एक डाव पाहून तू माह्या मायले नाव ठेवून राह्यला?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज बारीक होत गेला. "तुह्या बापानं हेच पानी पेलं. आज्यानं पेलं. माय मरतानी तिच्या तोंडात म्या हेच पानी घातलं, जगदेवा. माही माय गावाले नारू वाटे काय?" जगदेवला बोलायचं होतं, तुमच्या आईने काही केलं नाही, तिला काय ठाऊक, माझा बापही त्यातच गेला. यातलं काहीही त्याला म्हणता आलं नाही. कारण नानाजींचं बरोबर होतं. एकदा पाहिलेलं धरत नाहीत. सिद्ध करायला पैसे लागतात, आणि जे पैशाशिवाय सिद्ध झालेलं नाही तेच तो पैसे मागताना बोलून बसला होता. नानाजींनी अडकित्ता उचलला, पण सुपारी कातरली नाही. डोळ्यांत पाणी होतं ते पुसलंही नाही. "जा बापू," ते म्हणाले. "माय वाट पाहात असन." आतून कुणीतरी घासलेला तांब्या आणून दारात ठेवला होता. तो तसाच राहिला.

घरी आईला सगळं आधीच कळलं होतं, म्हणजे जे कळायला नको होतं ते. सोमलाने तांड्याकडे वळताना दारावरून हाक मारून सांगितलं होतं की तुमच्या जगदेवचा वाशीमला सत्कार झाला, शेठनं नारळ दिला. तुळसाबाई दारातच उभी होती, नवं लुगडं नेसून. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, पसरलेलं कुंकू पदराने सारखं केलं, पंच्याचा काठ दोन बोटांत धरून पाहिला आणि रडायला लागली. "तुहा बाप पाह्याले पाह्यजे होता," ती म्हणाली. जगदेव म्हणणार होता, माय, काही नाही झालं, कुणी काही दिलं नाही, परवापासून मी मामाकडे जऊळक्याला जातो हजेरी लिहायला. पण तिने त्याच्या हातातला नारळ घेतला. दिवसभर जो हाताला चिकटला होता तो तिने किती सहज घेतला! हात मोकळा झाला आणि त्याला आपण फार थकलोय हे कळलं. "पयला मान आसराईचा," ती म्हणाली. "चाल. दिवस बुडायच्या आत फोडू."

आसराईला नारळ फोडला की त्याच पाण्याचं तीर्थ प्यायचं, ज्याच्या नावाचा नारळ त्याने. त्याचं हे लहानपणापासूनचं होतं, मॅट्रिकच्या वेळीही तो प्यायला होता, घटाघटा, वर आणखी मागून. तो थेंब पाहिल्यापासून मात्र त्याने घरात धोतराचं फडकं चारपदरी करून घागरीच्या तोंडाला बांधायला लावलं होतं. आई हसायची, पण बांधायची. पोराची हौस म्हणून बांधायची. आता बारवेच्या पायऱ्या उतरताना त्याने विचारलं, "माय, फडकं आनलं काय?" आणि ती पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला नेत खोटंखोटं रागावली, "देवीचं पानी फडक्यातून गायतेत काय रे, येड्या? चांगला शिकला!" ऊन वरच्या कट्ट्यावरच राहिलं. खाली गारवा होता, शेवाळाचा आणि जुन्या दगडाचा वास होता, आणि तो वास त्याला आवडतो हेही त्याला त्या क्षणी कळलं. पाणी फार खाली गेलं होतं. हिरवट, दाट, स्थिर. ओगले सर म्हणाले होते तसं, याच दिवसांत पाहायला हवं होतं.

शेवटच्या पायरीवर सोमला बसला होता. एरंडाचं पान बाजूला काढून ठेवलेलं, पाय घोट्याच्या वरपर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले. त्याच्या चेहऱ्यावर इतका आराम होता की जगदेवला त्याला हाक मारवेना. घोट्यापाशी काडीला बांधलेला पांढरा दोरा पाण्यात सैल होऊन हलत होता आणि त्याभोवती पाणी जरासं गढूळ झालं होतं, दूध सांडल्यासारखं. चाहूल लागली तसे सोमलाने डोळे उघडले, जगदेवला पाहिलं आणि ओशाळून हसला. पण पाय काढला नाही. तुळसाबाईने त्याला थोडं सरकायला सांगितलं, सात गोट्यांपुढे नारळ वाढवला, नारळाचं पाणी गोट्यांवर शिंपडलं, आणि सोमलाच्या पायापासून हातभर अंतरावर तांब्या बुडवला. तिच्याही पोटात हे कितीदा गेलं असेल. तिने आधी स्वतः ओंजळभर घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि मग तांब्या त्याच्यापुढे केला.

नको म्हणायचं होतं. एवढंच. सांगायचं, माय, याच्यात काय आहे ते मी पाहिलंय. पण पाहिलंय किती वेळा? एकदा. आणि खरं बोलायचं जे काही त्याच्याजवळ होतं ते नानाजींच्या ओट्यावर बोलून संपलं होतं, दुसऱ्यांदा ते गोळा होईना. समोर आई उभी होती, नवं लुगडं नेसून, तिच्या पोराचा आज पहिल्यांदा कुणी मान केला होता, आणि तो मान खरा नव्हता हे सांगणारं दुसरं कुणी जगात नव्हतं. त्याने तांब्या घेतला. कडेला पाण्यात काही दिसतंय का ते पाहिलं. काहीच दिसलं नाही, साध्या डोळ्याला कुठे दिसतं? मग तो प्यायला. सगळा प्यायला. गार पाणी घशातून खाली उतरताना ते पोटापर्यंत गेलेलं त्याला कळलं आणि मनाशी हिशेब आला, नको असताना आला, सरांनी शिकवलेला. वर्षभर नारू दिसणार नाही, दुखणार नाही, कुठल्याच परीक्षेत सापडणार नाही. पुढच्या चैत्रात पायाला फोड येईल. सबंध उन्हाळा रोज सकाळी ओट्यावर बसून पाहता येईल, अर्धा अर्धा वेढा, घाई न करता. त्याला कुणाचे पैसे लागणार नव्हते.

"गोड हाये ना?" तुळसाबाईने विचारलं.

"गोड हाये," जगदेव म्हणाला, आणि ते खरंच गोड होतं.